कप कोणाचा, चमचा केवढा?

परदेशी पाककृती घरात करताना केक फसतो तो बहुधा मोजमापात. आणि मोजमापाचा हाच घोळ मीठ, साखर व औषधाच्या चमच्यापर्यंत पोचतो.

अमेरिकेत पिढ्यानपिढ्या चालत आलेला एक केक आहे. त्याची कृती वहीत उतरवून ठेवावी लागत नाही, कारण ती नावातच आहे: ‘एक-दोन-तीन-चार केक’. एक कप बटर, दोन कप साखर, तीन कप मैदा आणि चार अंडी. त्यात एक कप दूध आणि तीन छोटे चमचे बेकिंग पावडर घातली की झाले. लक्षात ठेवायला सोपी अशी ही कृती आपल्याकडच्या स्वयंपाकघरात येते, तेव्हा हाताशी असतो तो चहाचा कप. त्याच कपाने सगळे मोजले जाते, सांगितलेला एकही जिन्नस चुकत नाही, आणि तरीही केक मध्ये फुगून खाली बसतो, चिवट होतो, अंड्याचा वास मारतो. दोष ओव्हनला दिला जातो, नाहीतर मैद्याला. खरा दोष ‘कप’ या शब्दात असतो.

अमेरिकी पाककृतीतला कप साधारण २३७ मिलिलिटरचा असतो. आपल्याकडचा चहाचा कप अनेकदा १५० मिलिलिटरच्या आसपास भरतो. आता हिशेब करून पाहा. अमेरिकी कपाने तीन कप मैदा म्हणजे सुमारे ३६० ग्रॅम. चहाच्या कपाने तोच मैदा २२८ ग्रॅम होतो. साखर, बटर, दूध हेही त्याच पटीत कमी होतात, म्हणून त्यांचे आपसातले नाते टिकून राहते. पण अंडी कपाने मोजली जात नाहीत. ती चारच राहतात. बेकिंग पावडरही तीनच चमचे राहते. म्हणजे मैद्याच्या मानाने दोन्ही दीडपटीहून अधिक झाली. कृतीत ‘एक कप बटर’ऐवजी ‘दोन स्टिक’ असे लिहिलेले असेल तर बटरही त्याच रांगेत येते. कारण अमेरिकेत बटरची एक कांडी ११३ ग्रॅमची असते आणि ती कपावर अवलंबून नसते.

वाटीचा हिशेब का जमतो?

आपल्याकडे वाटीच्या मापाने नानकटाई होते, शंकरपाळे होतात, सांजा होतो. कोणाची वाटी लहान, कोणाची मोठी, तरी पदार्थ बिघडत नाही. याचे कारण साधे आहे. एकाच वाटीने सगळे जिन्नस मोजले, तर वाटीचा आकार हिशेबातून निघून जातो आणि उरते ते फक्त प्रमाण. एक वाटी तुपाला एक वाटी पिठीसाखर आणि दोन वाट्या मैदा हे प्रमाण लहान वाटीने घेतले तर नानकटाया थोड्या होतील, मोठ्या वाटीने घेतले तर डबा भरेल. चव तीच राहील.

घोटाळा होतो तो दोन तऱ्हेची मापे एकाच कृतीत आली की. काही जिन्नस भांड्याने मोजायचे, काही नगावर, काही डब्यावर, काही पुडीवर. अंडी, बटरची कांडी, कंडेन्स्ड मिल्कचा डबा, यीस्टची पुडी, केकचे भांडे या गोष्टी त्या त्या देशाच्या बाजारपेठेने ठरवलेल्या असतात. कृती एका देशातून दुसऱ्या देशात जाते, पण हे जिन्नस तिच्यासोबत जात नाहीत. म्हणून परदेशी पाककृती हातात घेतली की पहिला प्रश्न विचारायचा तो हा: ही कृती कुठल्या देशातली आहे, आणि तिच्यात कोणते जिन्नस कपाने मोजलेले नाहीत?

एकाच नावाची वेगवेगळी मापे

कप अमेरिकेत २३७ मिलिलिटरचा. तिथल्या खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील पोषणमूल्यांसाठी तो २४० मिलिलिटर धरतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि आजच्या कॅनडात कप २५० मिलिलिटरचा. जपानमध्ये पाककृतीतला कप २०० मिलिलिटरचा, आणि तांदळाच्या कुकरसोबत येणारा मापाचा कप १८० मिलिलिटरचा. ब्रिटनमध्ये आज बेकिंग ग्रॅममध्येच होते; जुन्या ब्रिटिश पुस्तकात कप दिसला तर तो अर्ध्या पाइंटचा, म्हणजे २८४ मिलिलिटरचा असण्याची शक्यता असते.

चमच्याचीही तीच गत. छोटा चमचा, म्हणजे टीस्पून, बहुतेक ठिकाणी ५ मिलिलिटरचा. मोठा चमचा, म्हणजे टेबलस्पून, अमेरिका, ब्रिटन आणि भारतात १५ मिलिलिटरचा. ऑस्ट्रेलियात मात्र २० मिलिलिटरचा. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मुलीने फोनवर ‘एक टेबलस्पून बेकिंग पावडर’ सांगितली, तर तिच्या मनात चार छोटे चमचे असतात आणि पुण्यात आई तीन घालते.

हा गोंधळ कुठून आला, त्यालाही इतिहास आहे. इंग्लंडमध्ये राणी अॅनच्या काळात, १७०७ साली, दारू मोजण्याचा गॅलन २३१ घन इंच ठरला. अमेरिकी वसाहतींत तो रुजला. पुढे १८२४ साली ब्रिटनने वजनमापांचा नवा कायदा केला आणि १० पौंड पाणी मावेल एवढा ‘इंपीरियल’ गॅलन स्वीकारला. तोवर अमेरिका स्वतंत्र झाली होती. तिने जुनाच गॅलन ठेवला. म्हणून आज अमेरिकी पाइंट ४७३ मिलिलिटरचा आणि ब्रिटिश पाइंट ५६८ मिलिलिटरचा आहे. नाव एक, फरक जवळपास शंभर मिलिलिटरचा.

औंस तर दोनदा फसवतो. तो वजनाचाही असतो आणि द्रवपदार्थाच्या मापाचाही. वजनाचा औंस २८.३५ ग्रॅम, अमेरिकी द्रव औंस २९.६ मिलिलिटर. ‘आठ औंस दूध’ म्हणजे माप आणि ‘आठ औंस चॉकलेट’ म्हणजे वजन, हे कृती सांगत नाही; वाचणाऱ्याने ओळखायचे असते.

मराठी घरांना हे नवे वाटू नये. आपल्याकडेही मापाचा शेर वेगळा होता आणि वजनाचा वेगळा. चार मापी शेरांची पायली होई, तर वजनाचा प्रमाणित शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. आजीच्या वहीत ‘पावशेर तूप’ असेल तर ते २३३ ग्रॅम होते. आज पावशेर म्हटले की दुकानदार पाव किलो, म्हणजे २५० ग्रॅम देतो. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक पद्धत आली, शेर गेला, पण शब्द जिभेवर राहिला आणि त्याचा अर्थ सात टक्क्यांनी वाढला. लाडवाला एवढा फरक चालतो. बिस्किटे मात्र जास्त तुपाने ताटलीत पसरतात.

देशापेक्षा हात मोठा

कपाकपातला फरक कळला की वाटते, आता गुणाकार केला की झाले. २३७ आणि २५० यांत तर जेमतेम साडेपाच टक्क्यांचा फरक आहे. पण मैद्याच्या बाबतीत खरा फरक कपाचा नसतो, कप भरणाऱ्या हाताचा असतो.

मैदा दाबला की बसतो. चमच्याने हलकेच कपात टाकून वर सुरीने सपाट केला, तर अमेरिकी कपात साधारण १२० ग्रॅम मैदा येतो. तोच कप थेट डब्यात खुपसून भरला तर १४० ग्रॅमच्या पुढे जातो, आणि ओट्यावर आपटून बसवला तर आणखी. अमेरिकेतही काही पाककृती कप १२० ग्रॅमचा धरतात, तर काही १४० ग्रॅमच्या आसपास. ऑस्ट्रेलियातल्या पाककृतींत एक कप मैदा साधारण १५० ग्रॅम मानतात. म्हणजे तिथला कप मोठा साडेपाच टक्क्यांनी, पण त्यातला मैदा अमेरिकी हिशेबापेक्षा चक्क पंचवीस टक्क्यांनी जास्त. नुसते मिलिलिटर बदलून हा फरक कधीच पकडता येणार नाही.

मापाची अशी अडचण जगाच्या लक्षात फार पूर्वी आली होती. अमेरिकेत बॉस्टन कुकिंग स्कूलच्या प्रमुख फॅनी फार्मर यांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या पाकपुस्तकात कप आणि चमचा ‘सपाट’ भरण्याचा आग्रह धरला. त्याआधी ‘अंड्याएवढे बटर’, ‘शीग लावून चमचा’ अशी मापे सर्रास चालत. शीग प्रत्येकाची वेगळी, हे त्यांनी ओळखले. त्यांचा आग्रह केवळ केकसाठी नव्हता. १९०४ साली त्यांनी आजारी आणि आजारातून उठलेल्या माणसांच्या आहारावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. नेमके मोजणे त्यांच्या लेखी रुग्णसेवेचाही भाग होते.

ओव्हनचे दार लागले की संपले

आमटीत मीठ कमी पडले तर वरून घालता येते. जास्त झाले तर पाणी वाढवता येते. बेकिंगमध्ये ही सोय नाही. दार लावल्यावर जे होते ती रासायनिक क्रिया असते आणि ती मधेच थांबवून दुरुस्त करता येत नाही.

मैद्यात पाणी पडून मिश्रण घोटले की त्यातल्या प्रथिनांचे ग्लूटेन तयार होते. ते पदार्थाला बांधून ठेवते. बटर त्या बांधणीला फार ताणू देत नाही, म्हणून पदार्थ खुसखुशीत होतो. साखर पाणी धरून ठेवते आणि केक ओलसर व मऊ राहतो. बेकिंग पावडरमधून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात. उष्णतेने अंड्यातील प्रथिने घट्ट होतात, मैद्यातील स्टार्च फुगून पाणी शोषते आणि बुडबुड्यांभोवतीच्या भिंती पक्क्या होतात. बुडबुडे फार झाले तर भिंती पक्क्या होण्याआधीच ते फुटतात आणि केक बसतो. मैदा फार झाला तर केक कोरडा व भेगाळलेला होतो. अंडी फार झाली तर चिवट. प्रत्येक जिन्नसाचे काम दुसऱ्याच्या प्रमाणावर अवलंबून असते, म्हणून बेकरीतले कारागीर हिशेब मैद्यावरून करतात. मैदा शंभर धरायचा आणि बाकीचे जिन्नस त्याच्या टक्केवारीत लिहायचे.

एक-दोन-तीन-चार केक असा लिहून पाहता येतो. मैदा ३६० ग्रॅम म्हणजे १००. साखर ४०० ग्रॅम, म्हणजे १११ टक्के. बटर २२७ ग्रॅम, म्हणजे ६३ टक्के. अंडी सोललेली २०० ग्रॅम, म्हणजे ५६ टक्के. दूध सुमारे २४० ग्रॅम, म्हणजे ६७ टक्के. एकदा हे टक्के हाती आले की कप कोणत्या देशाचा, हा प्रश्नच उरत नाही. अर्धा केक करायचा असेल तर मैदा १८० ग्रॅम घ्यावा आणि बाकीचे त्याच टक्क्यांनी काढावे.

चार अंडी म्हणजे किती?

वर अंडी २०० ग्रॅम धरली, कारण अमेरिकी कृतीत ‘लार्ज’ अंडे गृहीत असते. ते टरफलासह ५७ ग्रॅमच्या आसपास आणि टरफलाशिवाय ५० ग्रॅम भरते. युरोपात ‘लार्ज’ म्हणजे ६३ ते ७३ ग्रॅम. भारतात अॅगमार्कच्या प्रतवारीनुसार मोठे अंडे ५३ ते ५९ ग्रॅमचे आणि मध्यम अंडे ४५ ते ५२ ग्रॅमचे. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली चार मध्यम अंडी फोडली तर आत साधारण १७० ते १७५ ग्रॅम ऐवज निघतो. म्हणजे पाऊणशे टक्के कृती बरोबर करूनही अर्ध्या अंड्याहून अधिक तूट राहते. उपाय सोपा आहे. अंडी फोडून वाटीत तोलावीत. कमी पडले तर पाचवे अंडे फेटून त्यातले हवे तेवढे घालावे.

नाव तेच, वस्तू वेगळी

काही फरक कोणत्याही कोष्टकात बसत नाहीत. ब्रिटिश कृतीतले ‘सेल्फ रेझिंग फ्लोअर’ म्हणजे बेकिंग पावडर मिसळलेला मैदा. त्याऐवजी १५० ग्रॅम साध्या मैद्यात दोन सपाट छोटे चमचे बेकिंग पावडर चाळून मिसळावी. ‘बायकार्ब’ म्हणजे आपला खाण्याचा सोडा. ती बेकिंग पावडर नव्हे. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा पांढरा स्टार्च. अमेरिकेत त्याला कॉर्नस्टार्च म्हणतात आणि ‘कॉर्न फ्लोअर’ म्हणजे तिथे मक्याचे बारीक पीठ. अमेरिकी ‘हेवी क्रीम’मध्ये किमान ३६ टक्के स्निग्धांश असतो, आपल्याकडच्या साध्या पाकीटबंद क्रीममध्ये बहुधा २५ टक्के, म्हणून ते कितीही फेटले तरी उभे राहत नाही.

साखरेचेही तसेच. ब्रिटिश ‘कॅस्टर शुगर’ बारीक दाण्याची असते, आपली साखर जाड दाण्याची. बटरसोबत फेटताना जाड साखर नीट विरघळत नाही, म्हणून ती मिक्सरमध्ये दोन-तीन वेळा फिरवून घ्यावी. मात्र तोलूनच घ्यावी. एक कप दाणेदार साखर २०० ग्रॅम भरते आणि एक कप पिठीसाखर १२० ग्रॅमच्या आसपास. कपाला कप घेतला तर गोडी जवळपास निम्म्यावर येते.

तापमान आणि भांडे

अमेरिकी कृतीतले ३५० हे फॅरनहाइट असते. त्यातून ३२ वजा करून पाचने गुणावे आणि नऊने भागावे. उत्तर १७७, म्हणजे ओव्हनच्या खुंटीवर १८० सेल्सिअस. ‘तीस वजा करा आणि निम्मे करा’ ही हवामानासाठी वापरली जाणारी झटपट युक्ती इथे चालत नाही; तिने १६० येतात आणि केक आत कच्चा राहतो. ब्रिटिश पुस्तकातला ‘गॅस मार्क ४’ म्हणजेही १८० सेल्सिअस. आत पंखा फिरणारा ओव्हन असेल तर साधारण २० अंश कमी ठेवावे. छोट्या ओटीजीची खुंटी दाखवते तेच तापमान आत असेलच असे नाही; ओव्हनमध्ये ठेवायचा स्वस्त तापमापक तो संशय फेडतो.

भांड्याचा आकारही मापच आहे. नऊ इंची गोल भांडे आणि आठ इंची भांडे यांत फरक एका इंचाचा दिसतो, पण तळाचे क्षेत्रफळ नऊ इंचीत २७ टक्के जास्त असते. नऊ इंचीचे मिश्रण आठ इंचीत ओतले तर ते उतू जाते किंवा मध्ये कच्चे राहते.

तब्येतीशी संबंध काय?

एखादा केक फसला तर कोणाचे फारसे बिघडत नाही. पण हीच मापे मीठ, सोडा आणि साखरेलाही लागू होतात, आणि ज्या घरात रक्तदाब किंवा मधुमेह आहे तिथे त्यांचा हिशेब महत्त्वाचा ठरतो.

अमेरिकी कृतीत अनेकदा ‘कोशर सॉल्ट’ लिहिलेले असते. हे जाड, पोकळ खड्यांचे मीठ. त्यातल्या काही प्रकारांचा छोटा चमचा ३ ग्रॅमच्या आसपास भरतो. आपल्या बारीक मिठाचा तोच चमचा सुमारे ६ ग्रॅम. चमच्याला चमचा घातला तर मीठ दुप्पट. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ व्यक्तीने दिवसभरात सगळे मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे एक सपाट छोटा चमचाही भरत नाही. त्यात आपल्याकडचे पाकिटातले बटर बहुधा खारवलेले असते. तेच वापरायचे असेल तर कृतीतले मीठ गाळलेले बरे.

खाण्याच्या सोड्याकडे तर कोणी मीठ म्हणून पाहतच नाही. त्याच्या एका छोट्या चमच्यात सुमारे १,२६० मिलिग्रॅम सोडियम असते. पाच ग्रॅम मिठात २,००० मिलिग्रॅम असते, त्याच्याशी तुलना केली तर हा आकडा निम्म्याहून अधिक आहे. चव खारट लागत नाही, म्हणून तो लक्षात येत नाही.

साखरेचा हिशेब अधिक सरळ आहे. एक-दोन-तीन-चार केकमध्ये ४०० ग्रॅम साखर जाते. त्याचे सोळा तुकडे केले तर एका तुकड्यात २५ ग्रॅम साखर येते. वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी उष्मांक यावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २,००० उष्मांकांच्या आहारात ही मर्यादा ५० ग्रॅमची होते. म्हणजे एका तुकड्यात निम्मा कोटा संपला. मैदा आणि दूध धरून त्याच तुकड्यात ४२-४३ ग्रॅम कर्बोदके होतात. टाइप १ मधुमेहात अनेक रुग्ण खाण्यातली कर्बोदके मोजून इन्सुलिनची मात्रा ठरवतात. त्यांच्यासाठी ‘एक तुकडा’ हे माप नव्हे. जिन्नस तोलून घेतले, तयार केक तोलला आणि ताटातला तुकडाही तोलला, तर आकडा हाती येतो.

तोलण्याचा आणखी एक फायदा आहे. साखर जाणूनबुजून कमी करता येते. केकमधील साखर १० ते २० टक्के कमी केली तरी पोत सहसा सांभाळला जातो. ४०० ग्रॅमच्या जागी ३६० घ्यावी, जमले तर पुढच्या वेळी ३२०. ‘थोडी कमी साखर’ असे म्हणून अंदाजाने घातली तर किती कमी झाली हे कळत नाही आणि पुढच्या वेळी तोच केक पुन्हा करता येत नाही.

तोच चमचा, औषधाचा

घरातला चमचा किती फसवा असतो, याचे उदाहरण ग्रीसमधील एका पाहणीत मिळते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत २५ घरांतले चमचे मोजले गेले. छोट्या चमच्यात कुठे २.५ मिलिलिटर मावत होते, तर कुठे ७.३. जवळजवळ तिप्पट फरक. केकमध्ये यामुळे बेकिंग पावडर जास्त होईल. तापाच्या औषधात यामुळे बाळाला मात्रा जास्त जाईल. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये याच कारणासाठी सांगितले, की मुलांच्या पातळ औषधांची मात्रा फक्त मिलिलिटरमध्ये लिहावी आणि ती घरच्या चमच्याने देऊ नये. औषधासोबत आलेले झाकण, ड्रॉपर किंवा सुई नसलेली सिरिंज हेच योग्य माप.

जुलाबात द्यायच्या साखर-मिठाच्या पाण्याचेही असेच आहे. पुडी मिळाली तर पुडीच वापरावी आणि ती किती पाण्यासाठी आहे ते वाचावे; काही पुड्या एक लिटरसाठी, काही २०० मिलिलिटरसाठी असतात. पुडी नसेल तेव्हा एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, हे सर्वमान्य प्रमाण. इथे ‘सपाट’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. शीग लावलेल्या मोठ्या चमच्याने मीठ पडले तर ते पाणी लहान मुलाला अपायकारक ठरू शकते.

काय करावे?

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल वजनकाटा हा यावरचा सर्वांत सोपा इलाज. रिकामे भांडे ठेवून काटा शून्यावर आणावा, मैदा घालावा, पुन्हा शून्य करावे, साखर घालावी. भांडीही कमी पडतात. मात्र पाच ग्रॅमपेक्षा कमी वजनाला असा काटा विश्वासाचा नसतो. म्हणून सोडा, मीठ, यीस्ट, बेकिंग पावडर यांसाठी ५ मिलिलिटरचा मापाचा चमचाच वापरावा, सुरीने सपाट करून. मोठे जिन्नस काट्यावर, लहान जिन्नस चमच्याने.

घरातला कप खरा किती, हेही काट्यावर कळते. रिकामा कप ठेवून शून्य करावे आणि काठोकाठ पाणी भरावे. जेवढे ग्रॅम, जवळपास तेवढेच मिलिलिटर. बाजारातले मापाचे कपही असे एकदा तपासून घ्यावेत आणि आकडा खाली लिहून ठेवावा.

अमेरिकी कृतीसाठी हाताशी ठेवावेत असे आकडे, एका कपाला:
मैदा, हलकेच भरलेला: १२० ग्रॅम
दाणेदार साखर: २०० ग्रॅम
पिठीसाखर: सुमारे १२० ग्रॅम
बटर: २२७ ग्रॅम (एक कांडी ११३ ग्रॅम)
दूध: सुमारे २४० ग्रॅम
कोको पावडर: सुमारे ८५ ग्रॅम
मध: सुमारे ३४० ग्रॅम
यीस्टची अमेरिकी पुडी: ७ ग्रॅम

ज्या कृतीत मुळातच ग्रॅम दिलेले आहेत, तिथे हे कोष्टक वापरू नये. लिहिणाऱ्याचे ग्रॅमच प्रमाण मानावेत. कपाची कृती पहिल्यांदा करताना मात्र प्रत्येक कप भरल्यावर काट्यावर ठेवावा आणि वजन वहीत नोंदवावे. केक जमला तर ती नोंद म्हणजे आपल्या ओव्हनची, आपल्या अंड्यांची, आपल्या मैद्याची कृती झाली. सून ती सिडनीत करो की सोलापुरात, तिला विचारावे लागणार नाही की कप कोणता घेतला होता.